ढगात ठेवलेला जिना

जिनेवाल्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांना वर चढवण्यात गेलं. स्वतः मात्र तळमजल्यावर राहतात. कुणी टोकलंच तर म्हणतात, "न्हाव्याचे केस कोण कापतं ते आधी सांगा, मग माझ्या जिन्याचा विषय काढा."

त्यांचे लाकडी जिने शहरभर आहेत. सरळ, काटकोनात वळणारे, आणि ज्यांच्याकडे जागा कमी आणि हौस जास्त त्यांच्यासाठी गोल गोल फिरणारेही. त्यांच्या जिन्याची पायरी कधी कुरकुरत नाही. कुरकुरायचं ते सगळं त्यांनी स्वतःकडे ठेवलं आहे.

माणूस कामाला चोख. पण बंद करणं हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नाही. कपाट उघडलं की उघडं. टूथपेस्टचं टोपण कुठल्या दिशेला गेलं ते टोपणालाच ठाऊक. पुस्तक वाचून झालं की पालथं, आणि पालथ्या पुस्तकावर दुसरं पालथं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोला कळून चुकलं की ही दारं मिटायला आता जन्मभर आपणच. तेव्हापासून ती त्यांच्या मागून फिरते आणि एकेक मिटत जाते. तो उघडतो, ती मिटते, असा संसार. तिनं त्यावरून कधी भांडण काढलं नाही, भांडायला बाकीचे विषय भरपूर होते.

जिनेवाल्यांच्या धंद्याचा जीव एका इटुकल्या प्रोग्राममध्ये होता. खूप वर्षांपूर्वी नकाशे काढणाऱ्या एका मित्रानं दिलेला. तो कॉम्प्युटरवर बसवावा लागत नाही. फोल्डर उघडायचं, टिचकी मारायची, सुरू. खालपासून वरपर्यंतची उंची भरा, फरशीची जाडी भरा, की तो बिचारा पायऱ्या समान पाडून चित्र काढून देतो. बनवणाऱ्यांनी कधीच दुकान गुंडाळलेलं. कुणी म्हणालं, नवं घ्या की एखादं, तर यांचं उत्तर ठरलेलं, "जुनी झाली म्हणून काय बायको बदलतो का माणूस?"

"विचारून बघा," बायको आतून म्हणायची, "कुणी बदलून देत असेल तर."

हा प्रोग्राम पेनड्राइव्हमध्ये राहायचा आणि पेनड्राइव्ह जिनेवाल्यांच्या खिशात. खिसा अर्थातच उघडा. एक पेनड्राइव्ह शर्टाबरोबर धुतला गेला. एक रिक्षात राहिला. एक तर म्हणे एका घरी पायरीखाली सरसात चिकटून कायमचा बसला आहे, आणि ती मंडळी रोज त्याच्यावरून वरखाली करतात. जिनेवाल्यांना कॉम्प्युटर तीन ठिकाणी लागायचा: घरी, वर्कशॉपात, आणि स्वतःच्या लाकडाच्या वखारीत. वखारीत त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मशीनवर लाकूड कापायचा. भाऊजींनी चित्र काढावं आणि मेहुण्यानं कापावं, ही जोडी इतकी जुनी की दोघांना एकमेकांचा कंटाळासुद्धा येईनासा झाला होता.

शेवटी दूर राहणाऱ्या मुलीनं फोनवरून फर्मान काढलं. "बाबा, ते फोल्डर मी क्लाउडवर टाकते. तिन्ही कॉम्प्युटरवर तेच दिसेल. हातात काही न्यायचं नाही."

"क्लाउड म्हणजे ढग ना?"

"हो, म्हणतात तसं."

"आणि तो असतो कुठं?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर."

"म्हणजे परक्याच्या घरी माझा जिना! अगं, ओळख ना पाळख."

"बाबा, तुमचे अर्ध्या शहरातले जिने परक्यांच्याच घरी आहेत."

तिनं दुरूनच तिन्ही कॉम्प्युटरवर काय करायचं ते केलं, आणि जिनेवाले मोकळ्या खिशानं फिरू लागले. सकाळी घरी चहाचा कप हातात आणि पडद्यावर आदल्या दिवशीचा जिना. वाचायचा चष्मा वर्कशॉपात असायचा, त्यामुळे घरी आकडे काही दिसायचे नाहीत. नुसता जिना इकडून तिकडून फिरवायचा, नव्या सुनेला बघावं तसा कौतुकानं बघायचा, आणि कप तिथंच, प्रोग्राम तसाच ठेवून निघायचं. वर्कशॉपात पुन्हा तोच प्रोग्राम, चष्मा लावून खरं काम. पुढे वखारीत मेहुणा तेच चित्र उघडून कापायला घ्यायचा. "हत्यारं न घेता कामाला जाणारा मी पहिला सुतार," असं ते भेटेल त्याला सांगायचे. भेटणारे टाळायला लागले.

मग आला दातांच्या डॉक्टरीणबाईंचा जिना.

खाली दवाखाना, वर घर, मध्ये लाकडी जिना. जिनेवाल्यांनी चित्र काढलं, सगळ्यांना आवडलं, आणि त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी मन बदललं. खाली साधी फरशी नको, जाड दगड हवा. आता जमीन वर आली की सगळं गणित हलतं. जिनेवाल्यांनी वर्कशॉपात बसून फरशीची जाडी बदलली, पायऱ्या नव्यानं पाडल्या, मेहुण्याला फोन केला, "उद्या सकाळी काप."

मेहुण्यानं कापलं. जिना लागला. आणि सगळ्यात खालची पायरी दगडात बुडाली. बाकीच्या सगळ्या एका उंचीच्या, ही एकटी बुटकी. पाऊल पहिल्या पायरीवरून उंची पाठ करतं आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही, हे जिनेवाले सगळ्यांना सांगायचे. ते डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सिद्ध केलं. दुसऱ्या पायरीशी अडखळल्या, कठड्याला मिठी मारली म्हणून वाचल्या. नाहीतर दातांच्या डॉक्टरणीलाच दातांच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ.

"माझ्या सासूबाई वर राहणार आहेत," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आमचं आधीच फारसं पटत नाही. त्या पडल्या तर लोक काय म्हणतील?"

जिनेवाले मेहुण्याकडे वळले. "मी जाडी बदलली होती."

"भाऊजी, पडद्यावर जे दिसतं तेच मी कापतो."

वखारीत जाऊन बघितलं. पडद्यावर जुनीच जाडी. जिनेवाल्यांनी डोळे चोळले, चष्मा पुसला. जुनीच. राहिलं असेल माझ्याकडूनच, असं म्हणून वर्कशॉपात जाऊन पुन्हा बदललं. या वेळी आकडा मोठ्यानं वाचलासुद्धा. दुसऱ्या दिवशी मेहुणा लाकूड मशीनवर चढवतो आहे तोवर हे धावतपळत वखारीत पोचले आणि पडद्यात डोकावले. जुनाच आकडा! जणू रातोरात कुणी येऊन दगड उचलून फरशी घालून गेलं.

त्या दिवसापासून जिनेवाल्यांच्या डोक्याचा भुसा व्हायला लागला. दिवसा ते जिना दुरुस्त करायचे आणि सकाळी जिना पुन्हा आजारी. वर्कशॉपात बदलून बघितलं, वखारीत बदलून बघितलं. एकदा बदललेला आकडा तळहातावर पेनानं लिहून घेतला. सकाळी तळहात एक सांगतो, पडदा दुसरं. आता खरं कोण? आपण बदललं, की बदलल्यासारखं वाटलं? हल्ली तसंही शेजाऱ्याचं नाव तोंडावर यायला वेळ लागतो. परवा तर फोनवर बोलता बोलता फोनच शोधत होतो. म्हणजे सुरुवात झाली की काय? ज्याला स्वतःची मापं आठवत नाहीत त्याच्या जिन्यावर कोण पाय ठेवेल?

अशा वेळी माणसापुढे दोनच रस्ते असतात. एक म्हणजे मान्य करायचं की आपलं डोकं निकामी होत चाललं. दुसरा म्हणजे शोधायचं की हे करतंय कोण. दुसरा रस्ता उताराचा होता, आणि त्याच्या शेवटी मेहुणा आयताच उभा होता.

मेहुणा एकदा म्हणाला नव्हता का, "भाऊजी, एवढा जाड दगड असतो का कुठे? मोजायला चुकलात"? म्हणाला होता. प्रोग्राम त्याच्याकडे उघडतो की नाही? उघडतो. सकाळी सगळ्यांच्या आधी वखारीत कोण येतं? तोच. झालं. संशयाचे इतके धागे एकदम सापडले की जिनेवाल्यांना जवळजवळ बरं वाटलं.

ते वखारीत गेले आणि हमालांच्या देखत बोलले.

"माझ्या पाठीमागे माझी मापं बदलतोस?"

मेहुण्यानं मशीन बंद केलं. "काय म्हणालात?"

"तू स्वतःला शहाणा समजतोस. समोर बोलायची हिंमत नाही, म्हणून चोरून बदलतोस. चोरटा आहेस तू."

कापायचं मशीन थांबलं की वखारीत भलतीच शांतता होते. हमालांनी खांद्यावरच्या फळ्यासुद्धा खाली ठेवल्या नाहीत. मेहुण्यानं कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, अंगावरचा भुसा झटकला.

"आता तुम्हीच कापा," म्हणाला, आणि गेला. पुढच्याच आठवड्यात दारांच्या कारखान्यात लागल्याची बातमी आली.

घरी काय झालं ते सांगायची गरज नाही, आख्ख्या गल्लीनं ते ऐकलं नाही हीच खरी बातमी. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली, आणि तिनं मिटणं सोडलं. कपाटं उघडी, खिडक्या उघड्या, नळ टपटपतोय, दिवे जळताहेत. सकाळचा चहासुद्धा बंद. जिनेवाले उपाशी पोटी घरातून निघायचे आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचे. घरच्या कॉम्प्युटरकडे बघायला ना चहा होता ना मन.

आणि चमत्कार! जिना जागच्या जागी राहिला.

वर्कशॉपात बदललेला आकडा दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशीही तसाच. वखारीची किल्ली आता जिनेवाल्यांच्या खिशात होती, तिथे उघडून बघितलं तर तिथेही तोच. डोकं ठिकाणावर होतं तर! आनंदानं ते घरी आले आणि बायकोसमोर उभे राहिले.

"तो गेला आणि जिना सुधारला. आता बोल."

"काय बोलू?"

"तोच करत होता. याहून काय पुरावा हवा?"

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं हा माणूस उघडंच टाकत आला होता, पण खोटं कधी बोलला नव्हता. आणि भाऊ? लहानपणी तिच्या वेण्या खिडकीला बांधून पळणारा भाऊ. तो असं करेल? का करेल? पण तो गेल्यावर थांबलं, हेही खरं. ती बसली, उठली, पुन्हा बसली.

"मला काही सुचत नाही," ती म्हणाली. "त्याला विचारायला गेले तर तो म्हणेल, ताई, तूसुद्धा? आणि नाही विचारलं तरी मनात राहणारच."

"मग मानलंस ना?"

ती उठली आणि स्वयंपाकघराचं कपाट मिटलं. मग दुसरं. जिनेवाल्यांनी समजायचं ते समजून घेतलं. तिनं डोळ्यांना पदर लावला तो मात्र त्यांनी पाहिला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. नळ मिटला, खिडक्या लागल्या, दिवे विझले, आणि झोपायच्या आधी तिनं बैठकीतला कॉम्प्युटरही बंद केला.

दुसऱ्या दिवशी घरी चहा मिळाला. जिनेवाले शीळ घालत वर्कशॉपात गेले. नवीन कापणारा माणूस येणार होता. त्याला रुबाबात दाखवावं म्हणून डॉक्टरीणबाईंचा जिना उघडला, चष्मा चढवला.

जुनी जाडी.

शीळ ओठांवरच राहिली. मेहुणा दारांच्या कारखान्यात. वखारीला कुलूप. कुलपाची किल्ली खिशात, खिसा उघडा असला तरी किल्ली आहे. म्हणजे मग कोण? मीच? झोपेत? आदल्या दिवसाचा सगळा आनंद एका झटक्यात खाली आला, आणि खालची पायरी तर दगडात बुडालेलीच होती. नव्या माणसाला "उद्या ये" सांगून ते तडक घरी आले.

"अगं, काल माझ्या कॉम्प्युटरला हात लावलास का?"

"मी? नाही बाई. मी फक्त बंद केला."

"बंद केला म्हणजे?"

"म्हणजे बंद केला. तुम्ही रोज सकाळी उघडा टाकून जाता, मी रोज झोपताना बंद करते. मधले काही दिवस राग होता, म्हणून केला नाही."

जिनेवाले खुर्चीत बसले. "आणि बंद करताना काय करतेस?"

"काही नाही. तो विचारतो काहीतरी, बदल ठेवू का म्हणून. मी हो म्हणते."

"हो म्हणतेस!"

"मग काय नाही म्हणू? तुमचं दिवसभराचं काम असेल, माझ्या हातून जाऊ नये म्हणून हो म्हणते. कुणी विचारलं आणि आपलं नुकसान नाही, तर हो म्हणावं माणसानं."

त्यांनी मुलीला फोन लावला. दोघं एकदमच बोलू लागली, त्यामुळे मुलीला आधी वाटलं की आईबाबांचं घटस्फोटापर्यंत आलंय. प्रकरण कळल्यावर तिनं समजावून सांगितलं.

"बाबा, तुम्ही सकाळी घरी जुनं चित्र उघडून ठेवता. फिरवून बघता, त्यालाही तो प्रोग्राम बदल समजतो. मग वर्कशॉपात नवं करून ठेवता, ते क्लाउडवर जातं. आणि आई झोपताना घरच्या जुन्यावर हो म्हणते, की ते जुनं नव्याच्या बोकांडी बसतं. शेवटी जो हो म्हणेल त्याचं खरं."

"पण ढगाला कळत नाही का खरं कुठलं ते?"

"त्याला कसं कळणार? तिन्ही ठिकाणी तुम्हीच तर आहात."

म्हणजे जिनेवाल्यांशी जिनेवालेच भांडत होते. सकाळचे जिनेवाले दुपारच्या जिनेवाल्यांना हरवत होते, आणि मध्ये बायको गुपचूप शिक्का मारत होती. यातलं त्यांना निम्मं समजलं, निम्मं नाही. डोकं ठिकाणावर आहे एवढं कळलं. पण त्याचं सुख होईना, कारण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि फाशी देणारे आपणच.

संध्याकाळी दोघं मेहुण्याच्या घरी गेले. त्यानं दार उघडलं, ताईला आत घेतलं, भाऊजींकडे बघून "या" म्हणाला. हा "या" कारखान्याच्या दारावरच्या पाटीसारखा होता. सगळ्यांना सारखाच.

जिनेवाल्यांनी सगळं सांगितलं. निदान प्रयत्न केला. ढग, फोल्डर, चहा, चष्मा, हो म्हणणं. सांगता सांगता त्यांचाच गोंधळ झाला, एकदा तर वखारीचा कॉम्प्युटरच घरी आणून बसवला. मेहुणा शेवटी वैतागला.

"थांबा. म्हणजे हे ताईनं केलं?"

किती सोपं होतं! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बायको खाली बघत बसली. जिनेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "मी उघडं टाकलं. तिनं आपलं मिटलं."

"बरं." मेहुणा म्हणाला. "कॉम्प्युटरचं समजलं भाऊजी. चुकतं कुणाचंही. पण हमालांसमोर मला चोरटा म्हणालात, तेसुद्धा त्या ढगानंच म्हटलं का?"

जिनेवाल्यांनी तोंड उघडलं, आणि कधी नव्हे ते स्वतःहून मिटलं.

मग बायको बोलली. "मीसुद्धा मानलं होतं. एकच दिवस. पण मानलं."

मेहुण्यानं बहिणीकडे असं बघितलं की जिनेवाल्यांना वाटलं, त्यापेक्षा त्यानं आपल्याला दोन शिव्या द्याव्यात. पण त्यानं आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं. एकच पेला. तिनं अर्धं पिऊन पेला नवऱ्यापुढे सरकवला. तो घ्यावा की नाही, हेही जिनेवाल्यांना कळेना.

"कारखाना मी सोडत नाही," मेहुणा उभ्यानंच म्हणाला. "तिथे दारं एका मापाची असतात आणि कुणी कुणाला काही म्हणत नाही. पण बाईंचा जिना अर्धा टाकणार नाही. रविवारी कारखान्याला सुट्टी, तेव्हा येतो. तुम्ही समोर उभे राहायचं. आकडा तुम्ही मोठ्यानं वाचायचा, हमालांना ऐकू जाईल असा."

रविवारी जिनेवाले वखारीत मेहुण्याच्या आधी जाऊन उभे राहिले. हमालही मुद्दाम आले होते, सुट्टी असून. जिनेवाल्यांनी आकडा वाचला. मेहुणा म्हणाला, "ऐकू आलं नाही." त्यांनी पुन्हा वाचला. मग कुणी सांगितलं नव्हतं तरी ते हमालांकडे वळले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं. यानं काही बदललं नव्हतं." एक हमाल म्हणाला, "आम्हाला ठाऊकच होतं." दुसरा त्याला म्हणाला, "मग लवकर सांगायचंस की!" आणि मेहुण्यानं मशीन सुरू केलं, त्यामुळे पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

संध्याकाळपर्यंत काम झालं. डॉक्टरीणबाईंचा जिना लागला तेव्हा सासूबाई स्वतः वरपर्यंत चढून गेल्या, आणि वरून म्हणाल्या की जिना बरा आहे, पण वरच्या खोल्यांना वारा नाही. म्हणजे जिना उत्तम होता.

खाली मेहुणा हत्यारं पिशवीत भरत होता. जिनेवाले त्याच्या जवळ उभे होते. ये परत म्हणावं तर तोंड नाही, न म्हणावं तर तो जाणार.

पिशवीची चेन लावत मेहुणा म्हणाला, "पुढचा कुणाचा?"

हा प्रश्न होता, टोमणा होता की नुसतं निरोपाचं बोलणं, ते जिनेवाल्यांना अजूनही नक्की सांगता येत नाही. त्यांनी घाईघाईनं आठवून बघितलं. खरं तर पुढचं काम मंगळवारचं होतं.

"रविवारचा आहे," ते म्हणाले.